उरलेला उंदीर आणि रोह्याची बाई

आमच्या घरात कौतुक करणाऱ्या माणसाला पाणीसुद्धा जरा सांभाळूनच विचारायचे. घर पेणचं आणि धंदा गणपतीच्या कारखान्याचा. कारखाना म्हटला की लोकांना चिमणी आणि भोंगा आठवतो. आमचा कारखाना म्हणजे पुढची पडवी, मागची शेड आणि आषाढ लागला की माजघर, जिना, कपाटाचा वरचा भाग, जिथे जागा मिळेल तिथे गणपती. या धंद्यात माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, एक नियम बांधून ठेवला होता. गिऱ्हाईक आत आलं आणि "वा! काय मूर्ती आहे!" म्हणालं, की ओळखावं, हा एक तर भाव पाडणार नाहीतर नुसताच बघून जाणार. जो आल्या आल्या कपाळाला आठी घालून "सोंड जरा जाड वाटत्ये, नाय?" म्हणतो, तो घेणार. "त्यानं मनातल्या मनात मूर्ती घरी नेऊन मखरात ठेवलेली असते," अण्णा म्हणायचे, "म्हनून त्याला खोट दिसते. ज्याला न्यायचीच नाय, त्याला खोट कशाला दिसेल?"

नियम पडवीत थांबला असता तर बरं होतं, पण तो आत स्वयंपाकघरापर्यंत शिरला होता. आईच्या वालाच्या बिरड्याला कुणी "मस्त झालंय" म्हटलं, की ती हातातला डाव खाली ठेवून विचारायची, "काय पायजे?" माझा धाकटा काका, बाळकाका, तर कुणी नुसतं हसून बघितलं तरी खिशावर हात ठेवायचा. अशा घरात वाढलेल्या माणसाला स्तुती पचत नाही. परवा माझ्या सुनेने माझ्या पोह्यांना छान म्हटलं आणि मी तडक गॅसची शेगडी बघून आले, हिने काही बिघडवलं तर नाही ना म्हणून.

आता माझ्या हाताविषयी. आमच्या घराण्यात रेघ सरळ न येणारी मी एकटीच. बारावीची परीक्षा एकदा आपटून दुसऱ्यांदा कशीबशी पार केली आणि घरच्या कामाला लागले, तेव्हा अण्णांनी मोठ्या आशेने माझ्या हातात कोरणी दिली. माझ्या हातचा पहिला गणपती हत्तीपेक्षा म्हशीकडे जास्त झुकला. दुसरा पूर्णच म्हैस झाला. तेव्हापासून मला उंदरांवर नेमलं. गणपतीच्या पायाशी बसतो तो उंदीर वेगळ्या लहान साच्यातून काढतात आणि मग चिकटवतात. उंदीर थोडा म्हशीसारखा दिसला तरी तिकडे कुणाची नजर जात नाही, हा त्यामागचा विचार. चिकटवताना शेपट्या मोडतात म्हणून चार-दोन उंदीर जास्तीचे काढून ठेवायचे, आणि दरवर्षी शेवटी त्यातला एखादा उरायचाच.

उंदरांबरोबर दुसरं काम आलं पोरांचं. बाळकाकाचा पिंट्या, त्याची बहीण छबी आणि शेजारची चार-सहा. ओल्या मूर्तीच्या पोटात बोट खुपसून बघण्यासारखं सुख पोरांना दुसरं नसतं. धाक दाखवून झाला, शेंगदाण्याचे लाडू देऊन झाले, बाळकाकाने एकदा कान पिळून बघितला. बोटं थांबली नाहीत. एक दिवस मी कंटाळून हातातला जास्तीचा उंदीर वर धरला आणि म्हटलं, "ह्याला कुणाच्या पायाशी जागाच मिळाली नाय. सगळे गणपती भरले." पोरं बोटं काढून उंदराकडे बघायला लागली. तिथून गोष्ट सुरू झाली ती रोज वाढत गेली. उरलेला उंदीर एकेका गणपतीपाशी जाऊन विचारायचा, जागा आहे का, आणि प्रत्येक गणपती आपापल्या स्वभावाप्रमाणे नाही म्हणायचा. गोष्ट चालू असेपर्यंत मूर्ती सुरक्षित असायच्या. घरातल्या कुणीही तिला गोष्ट म्हटलं नाही. "मंजे, पोरांना बांध गो जरा," एवढंच म्हणायचे.

त्या वर्षी आमच्या घराला साच्याची धास्ती होती. आदल्या साली अण्णांनी खपून एक नवी मूर्ती घडवली होती, आणि आमच्या पडवीतून ती बाहेर पडायच्या आत तिच्यासारखीच मूर्ती दुसऱ्याच कुणाच्या तरी फळीवर उभी राहिली. कुणीतरी येऊन डोळ्यांनी माप नेलं होतं. गिऱ्हाईक तिकडे वळलं आणि आमचा हंगाम बसला. अण्णा त्या दिवाळीत कुणाशी धड बोलले नाहीत. म्हणून यंदा त्यांनी पुन्हा जीव ओतून भाताच्या उडवीवर, म्हणजे पेंढ्यांच्या गोल रचलेल्या ढिगावर, रेलून बसलेला गणपती केला तेव्हा जिच्यावरून साचा काढायचा ती मूळ मूर्ती कोपऱ्यात आणि तिच्यावर सदानकदा ओलं फडकं. ही मूर्ती गेली तर अण्णा पुन्हा नवं काही घडवायला बसतील की नाही, याची आईलाच शंका होती.

आणि नेमकी त्याच वर्षी ती बाई आली. रोह्याची. नवऱ्याची कंबर धरली होती, आणि आमच्या समोरच्या वैद्यांकडे दर मंगळवारी त्याला तेल लावून रगडायचे. तेवढा वेळ बसायला जागा मिळेल का, म्हणून तिने विचारलं. आईने स्टूल दिलं. पन्नाशीची, नीटनेटकी, जाड चष्म्याची बाई. पिशवीतून क्रोशाची सुई आणि दोरा काढून ती विणायला लागली. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण बाळकाकाने तिसऱ्या मंगळवारी अण्णांना मागच्या शेडमध्ये ओढत नेलं.

"अण्णा, ती विनत नाय. ती वर बघते, ओठ हलवते, मग दोन टाके घालते. परत वर बघते. माप घेत्ये ती!"

"दोऱ्यानं?"

"मग काय टेप घेऊन बसेल? चोर काय पाटी लावून येतो?"

अण्णांनी दाराआडून बघितलं. मीही बघितलं. बाई खरंच वर बघत होती, ओठ हलवत होती. कोपऱ्यातल्या झाकलेल्या मूर्तीच्या दिशेलाच तिचं तोंड होतं. त्याच दिशेला आमचं घड्याळ होतं हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि बाई आणि घड्याळ यांच्या मधे मी पोरांना घेऊन बसायचे हे तर नाहीच नाही.

त्याच दिवशी मी गोष्ट संपवली. पोरं पांगली. आईने बाईला चहा दिला. तो पिऊन झाल्यावर बाई मला म्हणाली, "किती सुरेख सांगतेस गं. कुणाची गोष्ट ही?"

"कुनाची नाय. अशीच."

"अशीच म्हणजे तुझी. मग लिहून का काढत नाहीस? लहान मुलांसाठी असं लिहिणारं कुणी हवंय."

बाळकाकाची कोरणी थांबली. आई आतून बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावर तेच होतं, काय पायजे?

बाई गेल्यावर बैठकच बसली. बाळकाकाचं म्हणणं साफ होतं. पोरीला हरभऱ्याच्या झाडावर चढवायची, जवळीक करायची, आणि उद्या हळूच विचारायचं, बाई गं, तुमचे साचे कुठे ठेवता? "हिच्या गोष्टीत हाय काय सुरेख?" त्याने विचारलं. "एक उंदीर हिंडतो!" मला राग यायला हवा होता. पण खरं सांगायचं तर मलाही ते पटलं. एकोणीस वर्षांत मला कुणी सुरेख म्हटलं नव्हतं, माझ्या कशाला म्हटलं नव्हतं. अचानक रोह्याहून एक बाई येते आणि म्हणते, म्हणजे काहीतरी डाव असणारच. तरी दुपारी सगळे कलंडल्यावर मी जुन्या कॅलेंडरचं एक पान फाडलं आणि पाठकोऱ्या बाजूवर लिहिलं, 'एक होता उंदीर.' पुढे काही सुचेना. रोज तोंडाने धो धो येणारा उंदीर कागदावर मेल्यासारखा पडला. फसवलं बाईने, असं म्हणून मी त्या पानाला रंगाचे ब्रश पुसले.

पुढचा मंगळवार आला, बाई आली नाही. त्याच्या पुढचाही कोरडा गेला. आणि स्टुलाखाली आईला तिचं विणकाम सापडलं. पांढऱ्या दोऱ्याचा चौकोनी रुमाल, एका बाजूला अर्धगोल झालर. बाळकाकाने तो चिमटीत धरून कोपऱ्यात नेला, फडकं बाजूला केलं आणि रुमाल मूर्तीवर टाकला. झालर उडवीच्या गोलाईवर अगदी चपखल बसली. कुठलाही रुमाल कशावरही टाकला तर कुठेतरी चपखल बसतोच, हे आज मला कळतं. तेव्हा आम्हाला तो पुरावा वाटला.

"काम झालं तिचं," बाळकाका म्हणाला. "आता कशाला येत्ये!"

अण्णांनी रुमाल काढून घेतला आणि मूर्तीवर फडकं पुन्हा नीट ओढलं. मग माझ्याकडे वळले. "मंजे, तू जा. तुझ्यावर मर्जी हाय तिची. रुमाल द्यायला आले म्हन, नि घर बघून ये."

मला हेर म्हणून नेमताना सगळ्यांनी आपापली शिकवण दिली. बाळकाका म्हणाला, "पानी मागून आतपर्यंत जा. नखं बघ तिची. साच्याचं प्लास्टर धुतलं तरी नखात राहतं." आईने पोह्याच्या पापडांची चवड कागदात बांधून हातात दिली. "चोर असली तरी आपल्या दारात बसून गेलेली हाय. रिकाम्या हातानं नको जाऊस." पत्ता कुणापाशीच नव्हता. बाई एकदा म्हणाली होती, रोह्याला नदीच्या अंगाला, कुणालाही विचार. बाळकाकाला हेही संशयास्पद वाटलं. "नीट मानूस घर नंबर सांगतो."

रविवारी पॅसेंजरने निघाले. निडीला गाडी क्रॉसिंगला थांबली ती थांबलीच. बाहेर भाताची आवणी आटोपलेली हिरवी शेतं, आत भिजलेल्या छत्र्यांचा वास. मांडीवर रुमाल आणि पापड घेऊन मी बसले होते आणि मनात दोन गोष्टींची भांडणं चालली होती. बाई चोर निघाली तर अण्णांचा गणपती गेला. आणि चोर नाही निघाली तर? तर ती बोलली ते खरं होतं. या दुसऱ्या गोष्टीची मला जास्त भीती वाटत होती. खोट्या कौतुकाचं काय करायचं हे घरात शिकवलेलं होतं. खऱ्याचं काय करतात, ते कुणी सांगितलं नव्हतं.

रोह्याला उतरल्यावर वाऱ्यावर केमिकलच्या कंपन्यांचा उग्र वास होता. नदीच्या बाजूला एका ओट्यावर एक बाई तांदूळ निवडत बसली होती. हमीदाबी तिचं नाव, पुढे चांगली ओळख झाली. मी विचारलं, "इथं चष्मेवाल्या बाई राहतात, त्यांच्या यजमानांची कंबर…"

"गोष्टवाल्या बाई? ते काय, पुढचं कौलारू घर. आमचा सलीम तिथंच बसलाय." तिने सूप खाली ठेवलं. "हल्ली कसली उंदराची गोष्ट लावलीय बाईंनी. पोरगा दिवसभर ची-ची करतो. बाप कुवेतवरून फोन करतो, तर ह्या फोनवर बी ची-ची!"

उंदराची गोष्ट! म्हणजे चोरी झाली होती, आणि आम्ही सगळे चुकीच्या कोपऱ्यावर फडकं टाकून बसलो होतो.

घराच्या पडवीत पंधरा-वीस पोरं मांड्या घालून बसली होती. काही कंपनीतल्या कामगारांची, काही नदीकाठची. बाई पाटावर बसून सांगत होती. मी पायरीखाली उभी राहून ऐकलं. माझा उंदीर! तोच एकेका गणपतीपाशी चालला होता, तोच सिंहासनावरचा गणपती त्याला म्हणत होता, "माझ्याकडे गालिचा आहे, तू मळवशील." माझं वाक्य! आदल्या साली अण्णांना दुसऱ्याच्या फळीवर आपली मूर्ती दिसली तेव्हा त्यांना काय झालं असेल, ते मला त्या पायरीवर कळलं. आणि मग बाईने शेवट केला. म्हणे, एक मोठा, दयाळू गणपती पुढे आला आणि म्हणाला, ये बाळा, माझ्या पायाशी एकाऐवजी दोन उंदीर बसतील. आणि सगळे आनंदाने राहू लागले.

"नाय!"

हा आवाज माझा होता. पोरं वळली. बाईने चष्म्यावरून बघितलं.

"दोन उंदीर कधी असतात? कुठल्या गणपतीला दोन उंदीर बघितलेत तुम्ही?" मी पायरी चढून वर आले होते. एका हातात छत्री, दुसऱ्यात पापड. "त्याला गणपती मिळतच नाय!"

"मग काय होतं?" बाई शांतपणे म्हणाली.

आणि मी हेर आहे, चपला काढायच्या राहिल्यात, आधी पाणी मागायचं होतं, हे सगळं विसरून मी खाली बसले आणि सांगायला लागले. चतुर्थी उजाडते. लोक आपापले गणपती घेऊन जातात. कारखाना रिकामा होतो. उंदीर एकटा रडत बसतो. आणि कोपऱ्यातून आवाज येतो. आपल्याकडे लोक गणपतीची मागणी सांगताना आपापला पाट आधी कारखान्यात आणून देतात ना, खाली नाव लिहिलेला? त्यातलाच एक जुना पाट असतो, त्याचे मालक परगावी गेले म्हणून राहिलेला. तो म्हणतो, रडू नको, मी सगळी घरं ऐकून आहे. पुढच्या वर्षी पाट परत येतात. उंदीर एकेका पाटाला विचारतो, तुझ्या घरी कसं होतं? पाट सांगतात. कुणाकडे मोदक चांगले, कुणाकडे आरतीला एकच म्हातारी आणि ती बेसूर, कुणाकडे लहान बाळ आहे ते सोंड ओढतं. आणि मग नवे गणपती तयार होतात. ते भ्यालेले असतात, आपल्याला कुठे नेणार म्हणून. तेव्हा उंदीर त्यांच्या कानात सांगतो, घाबरू नको, तुझ्या घरी असं असं आहे. म्हणून तो पायाशी नसतो. त्याला सगळ्यांपाशी जायचं असतं.

पुढच्या रांगेतला एक म्हणाला, "पाटाला बोलता येतं?" हाच सलीम असणार.

"येतं. पन उलटा ठेवला की. सुलटा असला की त्याच्यावर कुनीतरी बसलेलं असतं. तो कसा बोलेल?"

सगळी पोरं एकदम बाईच्या पाटाकडे बघायला लागली. बाईही घाईने उठली. पोरांनी तो पाट उलटा केला आणि त्याला कान लावायला एकच झुंबड उडाली.

मी तेवढ्यात कामाला लागले. बाईची नखं बघितली. हळदीची होती. आत पाणी प्यायला गेले तर टीव्हीवर तसलाच झालरवाला रुमाल, रेडिओवर एक, मीटरच्या पेटीवर एक. कॉटवर तिचा नवरा ताठ बसून पेपर वाचत होता. कंबर बरी झाली म्हणून पेणच्या फेऱ्या संपल्या होत्या, इतकं साधं कारण होतं. "टाके मोजताना घड्याळ बघायची खोड आहे मला," बाई रुमाल घडी करत म्हणाली. मी विचारलंच, "गोष्टीचा शेवट का बदलला?"

"अगं, यांची मालिश त्या दिवशी लवकर झाली. शेवट ऐकायचा राहिला. मग काहीतरी लावून दिलं."

मग ती माझ्याकडे जरा कडक नजरेने बघून म्हणाली, "तुझाच शेवट चांगला. पण मधे तुझा उंदीर फार हिंडतो. चार गणपती झाले की बास, पाचव्याला पोरं खांबाशी खेळतात. आणि पाट एकदम शेवटी कुठून काढलेस? आधी दाखवायला हवेत. आधी दिसले नाहीत तर फसवल्यासारखं वाटतं." मला ते लागलं. इतकं लागलं की परतीच्या गाडीत निडी कधी आलं आणि गेलं, कळलं नाही. मी सबंध वेळ उंदराचे गणपती कापत होते.

घरी सगळे वाट बघत होते. अण्णा एका मूर्तीचे डोळे आखत बसले होते. डोळे आखताना ते कुणाशी बोलत नसत, पण त्या दिवशी मान न वळवता त्यांनी विचारलं, "साचा?"

"नाय. प्लास्टरचा कन नाय घरात."

"मग काय करायला येत होती?"

"गोष्ट ऐकायला. तिकडं पोरांना सांगते. पन शेवट चुकीचा. म्हनाली, ऐकायचा राहिला."

"काय राहिला?" आई म्हणाली. "मी गोष्ट संपल्यावरच चहा दिला तिला. कप हातात घेऊन बसली होती तुझ्यासमोर. पाटांचं ऐकून डोळे पुसत होती बया."

"बघ!" बाळकाका मांडीवर थाप मारून ओरडला. "मी म्हटलं नव्हतं, बाई लबाड हाय!"

तेव्हा पहिल्यांदाच मला वाटलं की बाळकाका बरोबर असेल. पुढे कित्येक वर्षं मी काही नवं लिहिलं की आधी रोह्याला नेऊन त्या पडवीत वाचायचे, आणि दर खेपेला बाईला विचारायचे, त्या दिवशी शेवट मुद्दाम चुकवलात ना? मी दारात आलेली दिसले होते ना? कधी ती म्हणायची, तुला झोप लागली होती, स्वप्न पडलं असेल. कधी म्हणायची, चहात साखर जास्त होती, त्यानं विसरले. शेवटपर्यंत सरळ उत्तर दिलं नाही. माझा संशय अजून गेलेला नाही.

अण्णांनी ब्रश रंगात बुडवला. "आनि गोष्टीला काय म्हनाली?"

"मधे लांबते म्हनाली. पाट आधी दिसायला पायजेत म्हनाली."

अण्णांचा हात मूर्तीच्या चेहऱ्यापाशी थांबला. त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं, नवीन गिऱ्हाइकाकडे बघतात तसं.

"मग घेनार ती," ते म्हणाले, आणि डोळा आखला.

मी आत गेले. खिळ्यावरच्या जुन्या कॅलेंडरचं आणखी एक पान फाडलं, उलटं केलं, आणि उंदराच्या आधी पाट लिहिला.